देवळामागचें परडें



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें काय लिहावें, ह्याचा एक ठराविक शिरस्ता आहे. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, आजपर्यंत किती धर्मगुरु येऊन गेले, हें सांगावयाचें व शेवटीं देणगीदारांचे आभार मानावयाचे. तो इतिहास ह्या स्मरणिकेंत इतरत्र आलाच आहे, आणि आमच्यापेक्षां अधिक अधिकारी लेखणीनें आला आहे. आम्हीं एका निराळ्या जागेचा इतिहास लिहावयाचें योजिलें आहे. ती जागा म्हणजे धर्मगुरूंच्या निवासामागील दोन गुंठ्यांचें परडें. चार ओळी वांगीं, दोन ओळी टोमॅटो, मेथी-पोकळ्याचे वाफे, कुंपणावर दोडका व घेवडा, आणि एका कोपऱ्यांत बांबूच्या कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणून केलेलें लहानसें हरितगृह, एवढाच तिचा थाट. एवढ्याशा जागेला इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर म्हणजेच हा लेख होय.

लिहिण्यास कारणही घडलें आहे, तें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ज्युबिलीनिमित्त काय काय करावें ह्याचा विचार चालला असतां, रविवारीं मिस्सेला येणाऱ्या मंडळींच्या गाड्या लावावयास जागा नाहीं, तेव्हां मागील परडें फरशी घालून सपाट करावें, अशी सूचना पुढें आली. सूचना गैरवाजवी नव्हती. म्हाताऱ्या माणसांस रस्त्याच्या पलीकडे उतरून, वाहनांच्या गर्दींतून वाट काढीत यावें लागतें, हें आम्ही दर आठवड्यास पाहतों. खरें सांगावयाचें तर त्या सूचनेला पहिली मान आम्हींच डोलाविली. पुढें एके दिवशीं संध्याकाळीं वांग्यांना पाणी घालीत असतां मनांत आलें, कीं जें मोडावयाचें तें काय आहे, हें आधीं नीट जाणून तरी घ्यावें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

पवित्र शास्त्राचा आरंभच बागेंत होतो. परमेश्वरानें मनुष्यास एदेन बागेंत ठेविलें, तें नुसतें फळें खाण्यास नव्हे, तर तिची मशागत व राखण करण्यास, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत सांगितलें आहे. श्रम हे पापानंतर आले असा जो समज आहे तो अर्धाच खरा. कांटेकुसळें व कपाळाचा घाम पापानंतरचा, बागकाम त्याच्या आधींचें. पुढें मिसर देशांतून सुटून रानांत आलेल्या इस्राएल लोकांस कशाची आठवण झाली? काकड्यांची, खरबुजांची, कांद्यांची आणि लसणीची. त्यांच्या कुरकुरीचा दोष आम्ही झांकीत नाहीं; परंतु ज्याचें घर सुटलें त्यास घरच्या माळव्याची आठवण आधीं येते, एवढें मात्र त्यांत खरें आहे. आणखी पुढें, बाबेलोनांत पाडाव होऊन गेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्यानें पत्र पाठविलें, त्यांत घरें बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांचें फळ खा, असा उपदेश केला. परक्या मुलखांत बाग लावणें म्हणजे परमेश्वरानें आपणांस टाकिलें नाहीं, अशी ग्वाही देणें होय. हा उपदेश वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचा पडताळा आपल्याच कोल्हापुराजवळ आलेला आहे.

पवित्र सभेनें हा वारसा मठांतून सांभाळला. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट ह्यांनीं मठवासीयांसाठीं जी नियमावली लिहिली, तींत पाणी, गिरणी व बाग हीं शक्य तों मठाच्या आवारांतच असावींत, असें सांगितलें आहे. मठवासीयानें बाहेर भटकत फिरूं नये हा त्यांतील हेतु. परंतु त्याचा परिणाम असा झाला, कीं युरोपांत कित्येक शतकें प्रार्थनेचें पुस्तक व कुदळ हीं एकाच माणसाच्या हातीं राहिलीं. नवव्या शतकांत रायखेनाउच्या मठांतील वालाफ्रिड स्ट्राबो ह्यानें तर आपल्या लहानशा बागेवर लॅटिन भाषेंत काव्यच रचिलें. आणि ज्या शास्त्रावर आज जगांतील बियाण्यांची सारी सुधारणा उभी आहे, त्याचा पायाही मठाच्या बागेंतच घातला गेला. ब्र्नो येथील ऑगस्टिनियन मठांतील फादर ग्रेगोर मेंडेल ह्यांनीं १८५६ पासून १८६३ पर्यंत मठाच्या बागेंत व काचघरांत वाटाण्याचीं सुमारें २८ हजार रोपें वाढवून, आईबापांचे गुण संततींत कोणत्या प्रमाणानें उतरतात, हें शोधून काढिलें. त्यांचा निबंध १८६६ सालीं छापला गेला; पण जगानें त्याची दखल घेतली ती १९०० सालीं. त्याआधींच, १८८४ सालीं, मेंडेल प्रभूच्या घरीं गेले होते. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

काचघराचा विषय निघालाच आहे, तर त्याची कूळकथाही थोडक्यांत सांगतों. ज्याच्या कारकीर्दींत आपल्या प्रभूला क्रुसावर खिळलें, त्या तिबेरियस बादशहास एक काकडीच्या जातीचें फळ रोज ताटांत लागे. म्हणून त्याचे माळी चाकांच्या वाफ्यांत वेल लावून ते उन्हांत ढकलीत, आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखालीं ठेवीत, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. पुढें काच स्वस्त झाली तशीं युरोपांत काचघरें वाढलीं. आपल्या देशांत बंगलोरच्या लालबागेंतील प्रसिद्ध काचघर १८८९ सालचें. परंतु काचघर म्हणजे राजेरजवाड्यांचें काम. गरिबाचें हरितगृह निघालें तें अमेरिकेंत केंटकी विद्यापीठामध्यें १९४८ सालीं. एमर्ट नांवाच्या प्राध्यापकांस काच परवडेना, म्हणून त्यांनीं लांकडी सांगाड्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा ताणिला. आज शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूस गुलाब व ढोबळी मिरची ह्यांचीं जीं भलीं थोरलीं हरितगृहें दिसतात, आणि आमच्या कोपऱ्यांतील जी दहा फुटांची झोंपडी आहे, त्या सर्वांचें कूळ तेंच.

मात्र एक भेद आहे, आणि तो ज्यानें ओळखला नाहीं त्याचें हरितगृह फसलेंच म्हणून समजावें. थंड देशांत तें ऊब धरून ठेवण्यासाठीं असतें. सूर्याचे किरण आंत शिरतात, माती व हवा तापते, आणि तापलेली हवा आंतच कोंडून राहते. कोल्हापुरास ऊब कमी पडत नाहीं. आपणांस आवर घालावयाचा तो पावसास. आषाढ-श्रावणांत धारा लागल्या, कीं जमिनींतील बुरशी शिंतोड्यांबरोबर पानांवर उडते, टोमॅटोवर करपा पडतो, मोहोर झडतो, कोवळीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. म्हणून येथील हरितगृहाला वरून प्लास्टिक असावें. पण बाजू जाळीच्या ठेवून वारा खेळता राखावा. उन्हाळ्यांत प्लास्टिकाऐवजीं सावलीची जाळी घालावी. म्हणजे एकच मांडव पावसाळ्यांत छत्री होतो व चैत्र-वैशाखांत पदर होतो.

हें शहाणपण आम्हांस फुकट मिळालें नाहीं. सेमिनरींत असतांना दर आठवड्यास कुदळ हातीं घ्यावी लागे, त्यामुळें आपणांस बागकाम येतें असा आमचा समज होता. येथें आल्यावर पहिल्याच वर्षीं, ऐन मार्च महिन्यांत, आम्हीं चारही बाजूंनीं प्लास्टिक गुंडाळून हरितगृह बांधिलें, आंत टोमॅटोची दीडशें रोपें ठेविलीं, आणि पुण्यास एका सभेला गेलों. तिसऱ्या दिवशीं परत येऊन दार उघडलें, तों भट्टीचें दार उघडल्यासारखी वाफ तोंडावर आली. रोपें वाळून त्यांचा पाचोळा झाला होता. आमच्या धर्मग्रामांतील एक आजीबाई तेव्हां एवढेंच म्हणाल्या, "फादर, लेकराला दुपट्यांत गुंडाळायचं ते खरं, पण नाक उघडं ठेवायला लागतं नव्हं?" सेमिनरीच्या साऱ्या वर्षांत एवढा नेमका पाठ आम्हांस क्वचितच मिळाला असेल.

आतां परड्यांतील झाडांच्या कुळांकडे वळूं. वांगें, काकडी, दोडका व शेवगा हीं ह्या देशचींच; परंतु शेजारच्या वाफ्यांतील निम्मी वस्ती परदेशची आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळें, आणि कुंपणाजवळची पपई, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास उतरला, १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि त्यानंतरच्या काळांत जहाजांतून सैनिक, व्यापारी व धर्मगुरु ह्यांच्याबरोबर हीं बियाणेंही आलीं. भाषेनें त्याची नोंद ठेविली आहे. बटाटा हा शब्द पोर्तुगीज, कोबी त्यांचाच, पपई व अननसही त्यांचेच. मिरचीस मात्र आपल्या लोकांनीं घरचेंच नांव दिलें. तिखटपणासाठीं पूर्वीं मिरीं होतीं, त्यांवरून ही मिरची झाली. म्हणजे ज्या तांबड्या रश्शाचा कोल्हापूरकरांस एवढा अभिमान, त्याचा तांबडेपणा समुद्रावरून आलेला आहे. परका म्हणून आलेला पाहुणा इतका घरचा होऊन जातो, कीं पुढें त्याच्यावांचून घराची चवच सांगतां येत नाहीं. ह्या देशांतील ख्रिस्ती मनुष्यास, 'तुमचा धर्म परदेशचा' असें कोणी म्हटल्यास, त्यानें रागावूं नये. त्यास जेवावयास बोलवावें व ताटांतील मिरचीकडे बोट दाखवावें.

परंतु इतिहास लिहावयाचा तर गौरवाबरोबर लाजही लिहिली पाहिजे. ह्या देशांतील औषधी वनस्पतींवर व फळांवर गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें लिहिलेला थोर ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. हा वैद्य यहुदी कुळांतला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० सालीं, गोव्याच्या इन्क्विझिशनाने त्याच्या अस्थि उकरून जाळविल्या. ज्यानें ह्या भूमीच्या पाल्याफुलांची एवढी प्रीतीनें ओळख करून दिली, त्यास त्याच भूमींत निजूं दिलें नाहीं. बाग लावणारे हात आमचे होते तसे हेही हात आमचेच होते, हें विसरूं नये.

आतां ज्या हकिकतीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, तीकडे येतों. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंड देशावर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें स्वारी केली. पूर्व पोलंडांतील लाखों माणसांस १९४० व १९४१ सालीं घरांतून उठवून, मालगाड्यांत भरून, सैबेरिया व कझाकस्तान ह्यांच्या ओसाड प्रदेशांत नेण्यांत आलें. १९४१ सालीं जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां त्यांची कैद सुटली, आणि १९४२ सालीं त्यांपैकीं पुष्कळजण उपाशी व आजारी स्थितींत इराणांत पोंचले. पुरुष सैन्यांत गेले. बायका, मुलें व म्हातारीं माणसें ह्यांस कोण ठेवून घेणार, असा प्रश्न पडला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं पोलिश मुलांस बालाचडी येथें आसरा दिला. आणि १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत, पंचगंगेच्या कांठच्या वळिवडे गांवाजवळ, मोठी छावणी उभी राहिली. १९४८ पर्यंत तेथें सुमारें पांच हजार पोलिश माणसें राहिलीं. तीं बहुतेक सर्व कॅथलिक होतीं.

बराकींच्या लांबच लांब रांगा, देऊळ, शाळा, इस्पितळ, बालवीरांचीं पथकें, असें एक पोलिश गांवच येथें वसलें. आणि ह्या लोकांनीं काय केलें? यिर्मयानें सांगितलें होतें तेंच केलें. बराकींपुढील चिमुकल्या अंगणांत त्यांनीं बागा फुलविल्या. ज्यांची जमीन, घर, गुरेंढोरें एका रात्रींत गेलीं होतीं, आपण येथें किती महिने राहणार हें ज्यांस ठाऊक नव्हतें, त्यांनीं मातींत बीं टाकिलें. बीं टाकणारा मनुष्य उद्यांवर विश्वास ठेवतो. आणि ह्या माणसांस उद्यांनें आजवर फसविलेंच होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या वाफ्यांची किंमत कळते.

पोलंडच्या स्वयंपाकांत बीट, कोबी, काकडी व शेपू ह्यांस मोठा मान आहे. बिटाचें आंबट सार, आंबविलेला कोबी, शेपू घालून मिठाच्या पाण्यांत मुरविलेल्या काकड्या, हें त्यांचें घरचें जेवण. आमच्या शाळेंतील मुलें शेपूची जुडी पाहिली कीं नाक मुरडतात, त्यांस आम्ही सांगत असतों, कीं बाळांनो, ह्याच वासानें कोणा पोलिश आईच्या डोळ्यांत पाणी येत असेल.

ह्याच वेळीं त्यांचे नवरे, भाऊ व मुलगे जनरल आंडर्स ह्यांच्या सैन्यांत इटलींत लढत होते. १९४४ च्या मे महिन्याच्या १८ तारखेस पोलिश सैन्यानें मोन्ते कासिनोच्या मठाचे भग्नावशेष सर केले. हा मठ कोणाचा? ज्यांनीं बाग आवारांत असावी असा नियम घातला त्या संत बेनेडिक्टांचा. तेथें पुरुष त्या मठाच्या दगडधोंड्यांत प्राण वेंचीत होते, आणि येथें पंचगंगेच्या कांठीं त्यांच्या बायकामुलांच्या अंगणांत वेल मांडवावर चढत होते. इतिहासाचे धागे असे कोठल्या कोठें गुंफले जातात, हें पाहून मन थक्क होतें.

युद्ध संपलें, पण त्यांच्यांतील बहुतेकांस घरीं जातां आलें नाहीं. त्यांचीं गांवें सोव्हिएट हद्दींत गेलीं होतीं. कोणी इंग्लंडास गेले, कोणी आणखी दूर. १९४८ सालीं छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांस तेथेंच आसरा मिळाला. तेंच आजचें गांधीनगर. एका निर्वासिताचें अंगण दुसऱ्या निर्वासिताच्या उपयोगीं आलें. जे पोलिश लोक येथें वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरांतील ख्रिस्ती दफनभूमींत आहेत, आणि महावीर उद्यानांत त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा आहे. वॉर्सा शहरांतही कोल्हापूरचें स्मारक आहे; २०२४ च्या ऑगस्टांत भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें जाऊन आदरांजलि वाहिली. आपल्या गांवाचें नांव परक्या राजधानींत कृतज्ञतेनें घेतलें जातें, तें किल्ल्यामुळें नव्हे, राजवाड्यामुळें नव्हे, तर पांच हजार माणसांस राहावयास दिलेल्या जागेमुळें. त्या जागेंत छप्पर होतें, तसा छपरापुढें वीतभर मातीचा तुकडाही होता.

आपल्या परड्याचीही एक लहानशी साक्ष आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें. पुणें-बंगलोर रस्ता कित्येक दिवस बंद पडला. दूध मिळेना, मंडईंत भाजी येईना. आमच्या आवारांत पूरग्रस्त कुटुंबें उतरलीं होतीं. डाळ-तांदूळ होते, पण पालेभाजी म्हणून कांहीं नव्हतें. तेव्हां ह्या परड्यांतील अळू, शेवग्याचा पाला, आणि प्लास्टिकच्या छपराखालीं वांचलेला पोकळा व मेथी, हीं आळीपाळीनें त्या चुलींवर गेलीं. दोन गुंठ्यांनीं गांव जगत नाहीं, हें आम्ही जाणतों. चौथ्या दिवशीं वाफे ओकेबोके झाले. तरी पण एका लहान मुलीनें अळूच्या फदफद्याची वाटी पुढें करून "आणखी" म्हटलें, तो शब्द आमच्या कानांत अजून आहे.

असो. परडें राखावें कीं मोडावें? येथें आम्हांस शास्त्रांतील आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आमच्या बाजूची नाहीं. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो कशासाठीं? भाजीपाल्याची बाग करण्यासाठीं. त्या भाजीपायीं एका निरपराध माणसाचा जीव गेला. म्हणजे भाजीची बागही लोभानें लावतां येते. तेव्हां आम्हीं आपल्या मनास विचारिलें: हें परडें कोणाचें? आजवर त्यांत आमचीच हौस चालली. वांगीं आमच्या पसंतीचीं, कुलूप आमचें, किल्ली आमच्या खिशांत. धर्मग्रामांतील किती लोकांनीं त्यांत पाऊल टाकिलें? ज्यांच्या घरीं चार कुंड्यांपुरतीही जागा नाहीं, अशीं कितीतरी कुटुंबें आपल्यांत आहेत. त्यांस कधीं बोलाविलें नाहीं. मग त्यांस गाड्यांची सोय अधिक मोलाची वाटली, तर दोष कोणाचा?

म्हणून आमची विनंती अशी आहे. पुढील बाजूची अर्धा गुंठा जागा फरशी घालून म्हातारीं व आजारी माणसें आणणाऱ्या गाड्यांसाठीं राखून ठेवावी. उरलेल्या दीड गुंठ्याचे बारा वाफे पाडून ते वर्षावर्षाच्या बोलीनें बारा कुटुंबांस द्यावे. हरितगृहांत सर्वांसाठीं रोपें करावींत. आणि दर वाफ्यांतील पहिला तोडा गरजूंच्या घरीं जावा. किल्ली आम्ही आजच कमिटीच्या स्वाधीन करण्यास तयार आहों. कमिटीनें दुसरा निर्णय दिला, तर तोही आम्ही मान्य करूं, आणि फरशी घालण्याच्या दिवशीं वांग्यांचीं रोपें ज्यास हवीं त्यास स्वतः उपटून देऊं.

पुनरुत्थानाच्या पहांटे मग्दालिया मरियेनें प्रभूला पाहिलें, तेव्हां तिला तो माळी वाटला. ती चुकली, असें आपण म्हणतों. परंतु तोंड धुण्याआधींच परड्यांत जाऊन, रात्रींतून कोणत्या बियांनीं डोकें वर काढिलें तें पाहण्याची ज्यास संवय आहे, त्यास ती फारशी चुकली असें वाटत नाहीं.